कवचाला ऊन दाखवा! डहाणू-तलासरीहून कासवाच्या पाठीच्या गोष्टी

कार्टूनमधलं कासव घाबरलं की कवचातून टुणकन बाहेर पडतं आणि उघड्या अंगानं धूम ठोकतं. खऱ्या कासवाला हे कधीच जमणार नाही, कारण त्याचा पाठीचा कणा आणि बरगड्या हेच त्याचं कवच. सुमारे ५० ते ६० हाडं एकमेकांत घट्ट बसून पाठीचा आणि पोटाचा भाग तयार होतो, आणि हे दोन्ही भाग कुशीला हाडांनीच जोडलेले असतात. वर केराटिनचं आवरण. आपली नखं आणि बैलाची शिंगं ज्याची, तोच हा पदार्थ. हाड आणि आवरण यांच्यामध्ये जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो, त्यात रक्त खेळतं, नसा असतात. म्हणून पाठीवरून बोट फिरवलं तरी कासवाला कळतं आणि पाठ सडू लागली की दुखतंही. ते ओरडून सांगत नाही, एवढंच.

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात कासव हा तसा घरचाच विषय. झाई, बोर्डी, नरपड, चिंचणीच्या किनाऱ्यांवर पावसाळ्यात समुद्री कासवं येऊन पडतात. भाताच्या खाचरांत, तळ्यांत, धरणांच्या पाण्यात गोड्या पाण्याची कासवं असतात. शिवाय शहरातल्या दुकानांमधून काचेच्या टाकीत बसून आलेली परदेशी कासवं. राहण्याची तऱ्हा प्रत्येकाची वेगळी, पण पाठीचं दुखणं एकाच जातीचं.

खवले मोजा, जात ओळखा

कवचावरच्या केराटिनच्या चौकोनी-षटकोनी तुकड्यांना खवले म्हणू. बहुतेक कासवांच्या पाठीवर हे ३८ असतात: मधोमध ५, त्यांच्या दोन्ही बाजूंना ४-४, आणि कडेनं २५ लहान. समुद्री कासवांत मात्र बाजूच्या खवल्यांवरूनच जात कळते. ४ जोड्या असतील तर ग्रीन टर्टल. ४ जोड्या असून खवले कौलांसारखे एकमेकांवर चढलेले असतील तर हॉक्सबिल. ५ जोड्या असतील तर बहुधा लॉगरहेड. आणि ६ किंवा त्याहून जास्त, त्यातही डावीकडे ६ आणि उजवीकडे ७ असा विस्कळीत हिशेब लागला, तर ते आपल्या किनाऱ्यावरचं सर्वांत ओळखीचं ऑलिव्ह रिडले. मेलेलं कासव किनाऱ्यावर सापडलं तर फोटो वरून, सरळ आणि पूर्ण पाठीचा काढावा. तेवढ्यावरून जाणकार जात सांगतात.

आधी पोट, मग पाठ

कवच एका दमात तयार झालं नाही. चीनमध्ये सापडलेल्या आणि २००८ साली शास्त्रज्ञांनी वर्णन केलेल्या ओडोंटोकेलिस या सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीच्या कासवाला पोटाचं कवच पूर्ण होतं, पाठीवर मात्र नुसत्या रुंदावलेल्या बरगड्या. आणि तोंडात चक्क दात! आजच्या एकाही कासवाला दात नाहीत.

डहाणूचा कासवांचा दवाखाना

महाराष्ट्रात समुद्री कासवांच्या उपचारांचा विषय निघाला की डहाणूचं नाव येतंच. पारनाक्याला वनविभाग आणि ‘वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड अ‍ॅनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही स्थानिक संस्था मिळून कासवांचं उपचार केंद्र चालवतात. पशुवैद्य डॉ. दिनेश विन्हेरकर यांचं नाव या कामाशी जोडलं गेलेलं आहे. पुढचा वल्ह्यासारखा पाय गमावलेल्या कासवाला कृत्रिम पाय बसवण्याचा प्रयोगही इथे झाला.

इथला हंगाम जून ते सप्टेंबर. समुद्र खवळतो आणि आधीच जखमी, थकलेली कासवं लाटांबरोबर वाळूवर येतात. समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांचे तुकडे पायांभोवती आवळून हाडापर्यंत जातात. होडीच्या पंख्यानं पाठ फुटते. अशा कासवाची पाठ जवळून पाहिली तर मूळ रंग दिसतच नाही. शेवाळाचा हिरवा लेप, त्यावर बार्नेकलचे पांढरे, टोकदार, करकरीत सुळके. होडीच्या तळाला आणि खडकांना चिकटतात तेच हे जीव. पोहणाऱ्या निरोगी कासवावरही चार-दोन असतात, पण आजारानं सुस्त पडलेल्या कासवावर त्यांचा थरच्या थर चढतो. म्हणजे बार्नेकलची दाटी पाहूनच अंदाज येतो, की हे दुखणं आजचं नाही, महिन्यांचं आहे.

आणि त्यावरचा पहिला उपाय काय? गोडं पाणी! समुद्री कासवाला काही काळ गोड्या पाण्यात ठेवलं की बार्नेकल आणि जळवा मरतात, सैल होतात, आणि कोरड्या पडलेल्या कासवाच्या शरीरात पाणीही जातं. समुद्राच्या प्राण्याला गोडं पाणी औषधासारखं लागू पडावं, हे मला फार सुंदर वाटतं. किती तास ठेवायचं ते मात्र डॉक्टर ठरवतात. चाकू-पटाशीनं बार्नेकल खरवडायचे नसतात. जोरानं उपटले तर खालचा खवला निघतो, हाड उघडं पडतं, आणि जंतूंना आत शिरायला वाट मिळते. किनाऱ्यावर कासव सापडल्यावर भावनेच्या भरात कुणी ‘साफसफाई’ करू लागलं तर हात धरून थांबवावं.

बुडता न येणारं कासव

पंख्याचा तडाखा बसलेल्या काही कासवांच्या कवचाखाली हवा अडकते. मग शेपटीकडची बाजू वर, डोकं खाली, अशी ती तरंगत राहतात आणि खाण्यासाठी बुडी मारू शकत नाहीत. अमेरिकेतल्या फ्लोरिडामध्ये १९८६ साली सुरू झालेल्या ‘टर्टल हॉस्पिटल’मध्ये यावर साधा उपाय करतात: कवचावर वजनं चिकटवायची. वजनामुळे कासव आडवं राहतं आणि पुन्हा पोहू लागतं. खवल्यांची वाढ झाली की चिकटवलेली वजनं कधीतरी निघून येतात आणि पुन्हा लावावी लागतात.

घरातली पहिली चूक: जमिनीवरचं कासव पाण्यात

आता घराकडे. पाळीव कासवाचं कवच कुजण्यामागे जंतू असतात हे खरं, पण जंतूंना आमंत्रण बहुतेक वेळा आपण देतो. सर्वांत मोठं आमंत्रण म्हणजे चुकीची जागा.

चित्रात, गोष्टीत, वास्तूच्या पितळी ताटलीत, सगळीकडे कासव पाण्यात पाहिलेलं असतं. म्हणून जमिनीवर राहणारं कासवही लोक उचलून टबात सोडतात. घुमटासारखी उंच पाठ, हत्तीसारखे जाड गोल पाय, बोटांमध्ये पडदा नाही, अशी खूण दिसली की ते जमिनीवरचं कासव समजावं. त्याला पोहता येत नाही. पसरट थाळीत उथळ पाणी प्यायला आणि डुंबायला हवं, पण दिवसभर ओल्यात राहिलं की पोटाखालचे खवले भिजून सुटू लागतात, फटींतून जीवाणू शिरतात, आणि ओलसर, घाण वासाची सड सुरू होते.

उलट बाजूही तितकीच खरी. लालकान्या कासवाला, म्हणजे रेड-इअर्ड स्लायडरला, पाणी हवंच, पण पाण्याबाहेर चढून पूर्ण कोरडं होता येईल अशी जागाही हवी. पोटाची बाजूसुद्धा सुकली पाहिजे. ज्या टाकीत चढायला दगड नाही, किंवा आहे पण खरबरीत धारदार आहे, तिथे पोट घासतं आणि ओरखड्यांतून रोग शिरतो. पाणी गढूळ, टाकी लहान, त्यात चार कासवं एकमेकांना चावणारी. मग सिट्रोबॅक्टर नावाचा जीवाणू कवचाच्या व्रणांतून रक्तात उतरतो. कवचावर खड्डे, पायांवर लाली, अंगात सुस्ती, असा तो आजार, आणि तो जीव घेतो.

जमिनीवरच्या कासवांत कोरडी सडही असते. बहुधा बुरशीची. वास येत नाही, पाणी येत नाही, फक्त खवल्यावर फिकट, खपली धरल्यासारखे, भुसभुशीत डाग पडत जातात. हिचं भय जास्त, कारण लोकांना वाटतं वयामुळे रंग उडाला.

बोटानं दाबा, नाकानं हुंगा

आठवड्यातून एकदा कासवाला उजेडात घ्या, पण उलटं करून फार वेळ ठेवू नका. अंगठ्यानं पाठ आणि पोट हलकेच चाचपा. प्रौढ कासवाचं कवच टणक हवं. कुठे मऊ लागतं का? खवल्याखाली पाणी हलतंय असं दिसतं का? खवला कडेनं उचलला गेलाय, खड्डा पडलाय, गुलाबी-लाल छटा आहे, पांढरट चिकट काही येतंय? मग नाक जवळ न्या. निरोगी कवचाला मातीचा किंवा पाण्याचा वास येतो. सडक्या मांसाचा वास आला तर उद्यावर ढकलू नका.

पण प्रत्येक पांढरा डाग म्हणजे रोग नव्हे. लालकान्या वाढताना जुने खवले पातळ पारदर्शक पापुद्र्यांच्या रूपात टाकतो, ते अगदी स्वाभाविक. जमिनीवरची कासवं खवले टाकत नाहीत. त्यांच्या खवल्यांच्या सांध्यांत फिकट नवी रेघ दिसते, ती वाढीची. बोअरच्या जड पाण्याचे क्षार पांढरे थर धरतात. ओलं करून मऊ ब्रशनं घासल्यावर डाग गेला, खालचं कवच टणक आणि गुळगुळीत निघालं, तर चिंता नको.

कवच खाणारी बुरशी

अमेरिकेतल्या गोड्या पाण्याच्या कासवांच्या कवचाला वर्षानुवर्षं खड्डे पडत होते आणि नेमका आरोपी सापडत नव्हता. २०१९ साली एका नव्या बुरशीचं नामकरण झालं: एमिडोमायसिस टेस्टाव्होरान्स. ही केराटिनवर वाढणाऱ्या बुरशींच्या कुळातली. वॉशिंग्टन राज्यातल्या तळ्यांमधल्या दुर्मीळ कासवांमध्येही ती आढळली. म्हणजे नुसता डाग पाहून ‘बुरशी आहे, मलम लावा’ असं सांगणं डॉक्टरलाही सोपं नाही. नमुना तपासावा लागतो, आणि हाडापर्यंत गेलंय का हे पाहायला एक्स-रे.

तेल नको, हळद नको, फिनाइल तर नकोच

आपल्याकडे कोरडं दिसलं की खोबरेल लावायची सवय. कासवाच्या पाठीला लावू नका. चकाकी येते, पण तेलावर धूळ बसते, घाण धरते आणि खाली जंतूंना आसरा मिळतो. हळदीचा लेप कोरडा होऊन जखम झाकतो आणि आत काय चाललंय ते दिसेनासं होतं. नेलपॉलिश, ऑइलपेंट, चमकीचे खडे यांचा तर प्रश्नच येऊ नये. साखळी अडकवायला कवचाला भोक पाडणं म्हणजे जिवंत हाडात ड्रिल घालणं. फिनाइल आणि तत्सम जंतुनाशकं सरपटणाऱ्या प्राण्यांना विषारी ठरतात. टाकी धुतली तरी खूप पाण्यानं खळबळून, वास पूर्ण जाईपर्यंत धुवा.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: आयव्हरमेक्टिन. गाई-म्हशी, कुत्री यांना जंत-गोचिडांसाठी सर्रास दिलं जाणारं हे औषध कासवांना जीवघेणं आहे. गोठ्यातली बाटली कासवासाठी कधीही उघडू नये.

मग डॉक्टर करतात तरी काय?

आधी मेलेला, भुसभुशीत भाग काढतात. कधी भूल देऊन. मग पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडिन, फिक्कट चहाच्या रंगाचं, किंवा क्लोरहेक्सिडिन यानं धुतात. त्यावर सिल्व्हर सल्फाडायझिनसारखं मलम. काही ठिकाणी निर्जंतुक केलेला मध जखमेवर वापरतात, कारण मधात जंतू सहसा तग धरत नाहीत. पाण्यातल्या कासवाला उपचारांच्या काळात दिवसातला मोठा भाग स्वच्छ, कोरड्या, उबदार खोक्यात ठेवतात आणि खाण्या-पिण्यापुरतं पाण्यात सोडतात. लालकान्या पाण्यात असल्याशिवाय गिळू शकत नाही, म्हणून तेवढं पाणी हवंच. पिल्लांना हा कोरडा उपवास झेपत नाही. त्यामुळे हे आपल्या मनानं करायचं नाही.

रोग खोल गेला असेल तर इंजेक्शनं. इथे दोन गमती आहेत. एक, इंजेक्शन बहुधा पुढच्या पायाच्या बाजूला देतात, कारण मागच्या भागातलं रक्त मूत्रपिंडांकडून जातं आणि औषध तिथेच गळून जाण्याची किंवा मूत्रपिंडाला इजा होण्याची शंका असते. दोन, सेफ्टाझिडिमसारखं प्रतिजैविक माणसाला दिवसातून दोन-तीनदा लागतं. कासवाला तीन दिवसांतून एकदा! त्याचं शरीर औषधही निवांतच संपवतं.

बरं होणंही तसंच. आपलं मोडलेलं हाड दीड-दोन महिन्यांत सांधतं. कासवाच्या कवचाची जखम भरायला अनेक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. मेलेल्या हाडाखाली नवं हाड धरतं आणि मग वरची खपली एक दिवस आपोआप गळते. जे मालक तिसऱ्या आठवड्यात ‘गुण येत नाही’ म्हणून औषध सोडतात, त्यांच्या कासवाचा रोग उलटतो. या बाबतीत धीर हाच उपचाराचा निम्मा भाग आहे, आणि हे मी अगदी मनापासून सांगतेय.

ऊब विसरू नका. कासवाचं रक्त थंड असलं की रोगाशी लढणाऱ्या पेशीही थंडावतात. आजारी कासवाला त्याच्या जातीला योग्य अशा उबेच्या वरच्या टोकाला ठेवावं लागतं. थंड फरशीवर उत्तम औषधही पांगळं पडतं.

ब्रेसियरचे हूक आणि छापलेलं कवच

२०१९ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या ‘कॅरोलिना वॉटरफाउल रेस्क्यू’ या संस्थेनं लोकांना आवाहन केलं: जुन्या ब्रेसियरचे हूक पाठवा. रस्त्यावर गाडीखाली फुटलेल्या कवचाच्या फटीच्या दोन्ही बाजूंना हूक चिकटवायचे आणि तारेनं एकमेकांकडे ओढून बांधायचे. हाड सांधलं की काढून टाकायचे. जगभरातून पाकिटं आली. पूर्वी अशा फटींवर फायबरग्लास आणि इपॉक्सीचा जाड थर देत. आता सावधगिरी वाढली आहे, कारण घाण आत ठेवून वरून झाकण बसवलं तर आत सड वाढतच राहते. हूकांनी फट उघडी राहते, धुता येते.

ब्राझीलमध्ये वणव्यात कवचाचा मोठा भाग जळालेल्या फ्रेडी नावाच्या कासविणीला थ्रीडी प्रिंटरनं तुकड्या-तुकड्यांत छापलेलं कवच बसवलं गेलं आणि एका चित्रकारानं ते हुबेहूब रंगवलं.

सगळ्या गोष्टींचा शेवट इतका गोड होत नाही. कोलकात्याच्या अलिपूर प्राणिसंग्रहालयातला अद्वैत, सुमारे २५० किलोचा अल्डाब्रा जातीचा प्रचंड कासव, २००६च्या मार्चमध्ये गेला. त्याचं वय १५० ते २५० वर्षं असावं असं सांगत आणि तो रॉबर्ट क्लाइव्हचा होता असंही म्हणत. अखेरच्या काही महिन्यांत त्याचं कवच तडकलं होतं आणि तिथे जखम झाली होती, असं तेव्हाच्या बातम्यांत आलं होतं.

काचेतून येणारं ऊन फुकट जातं

कासवाच्या कातडीवर उन्हातले अतिनील किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं, ते असलं तरच अन्नातलं कॅल्शियम हाडात जातं, आणि कवच म्हणजे हाडच. खिडकीच्या काचेतून उजेड आणि ऊब येते, पण कामाचे किरण काचेतच अडतात. टाकी खिडकीत ठेवून ‘ऊन मिळतंय’ म्हणणारे फसतात. वर काचेचं खोकं भर उन्हात तापतं आणि कासव आत भाजतं. त्यापेक्षा सकाळचं कोवळं ऊन, अंगणात, अर्धी सावली ठेवून, कावळ्या-कुत्र्यांवर नजर ठेवून.

डहाणूत खरी अडचण पावसाळ्याची. जून लागला की ऊन आठवडेच्या आठवडे दिसत नाही, भिंतींना घाम फुटतो, नारळाच्या भुश्याचं अंथरूण दोन दिवसांत कुबट होतं. तेव्हा अंथरूण वारंवार बदला, हवा खेळती ठेवा, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीचा यूव्हीबी दिवा लावा. हा दिवा उजेड देत राहिला तरी त्यातले किरण सहा महिने ते वर्षभरात कमी होतात. विकत घेतल्याची तारीख दिव्यावरच लिहून ठेवा.

पण ओल म्हणजे शत्रू, असं सरसकट समजू नका. आफ्रिकन सल्काटा कासवाच्या पिल्लांवरच्या अभ्यासात दिसलं की अगदी कोरड्या हवेत वाढवलेल्या पिल्लांच्या पाठीवर डोंगरासारखे उंचवटे जास्त येतात. हवा दमट, पण बसायची जागा कोरडी, हा मेळ साधायचा असतो. भारतीय तारा कासवाच्या पाठीवर उंचवटे जन्मजातच असतात, ते दुखणं नव्हे.

चिकू तालुक्याचा मान, कासवाचा नाश्ता नव्हे

डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वाडीत पडलेला पिकला चिकू कासवापुढे टाकायचा मोह होणारच. पण गवतावर जगणाऱ्या कासवांना इतकी साखर पचत नाही. पोट बिघडतं, पातळ विष्ठेत अंथरूण ओलं होतं आणि पोटाचं कवच त्याच घाणीत घासत राहतं. त्यांना गवत द्या. जास्वंदीची पानं-फुलं, तुतीची पानं, काटे काढलेली फड्या निवडुंगाची फणी द्या. पालक रोज नको. त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं.

कॅल्शियमसाठी डहाणूकरांना दुकानात जायलाही नको. किनाऱ्यावर वाहून येणारा पांढरा, हलका, होडीच्या आकाराचा तुकडा, म्हणजे समुद्रफेस, हे माकुलाच्या पाठीतलं हाड. बहुतांश कॅल्शियम कार्बोनेट. गोड्या पाण्यात दोन-तीन दिवस भिजवून, पाणी बदलत, खारटपणा घालवा, कडकडीत वाळवा आणि कासवाजवळ ठेवा. त्याला हवं तेव्हा ते कुरतडतं. चोचही झिजून आकारात राहते.

बर्फाखालचं औषध

उत्तर अमेरिकेतलं पेंटेड टर्टल हिवाळ्यात गोठलेल्या तळ्याच्या तळाशी तीन महिन्यांहून जास्त काळ प्राणवायूशिवाय जगू शकतं. शरीरात साचणारं लॅक्टिक आम्ल एरवी त्याला मारून टाकेल. पण कवचातले क्षार रक्तात उतरून ते आम्ल शमवतात, आणि कवच काही आम्ल स्वतःतही साठवून घेतं. अशक्त, कॅल्शियम हरवलेलं कवच म्हणजे नुसती कमजोर पाठ नव्हे, सगळ्या शरीराचीच शिल्लक संपलेली.

वीस नखांची भाकडकथा

आपल्या देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतं, आपण त्याला हात लावून पुढे जातो. त्याच महाराष्ट्रात ‘वीस नखांचं कासव गुप्तधन दाखवतं’ म्हणून जिवंत कासवांचे सौदे होतात, याची मला चीड येते. नखांचा हिशेब ऐका: तारा कासवाला पुढच्या पायांना पाच-पाच आणि मागच्या पायांना चार-चार, म्हणजे १८ नखं. तळ्या-खाचरांतल्या, मऊ कातडीच्या पाठीच्या कासवाला प्रत्येक पायाला ३, म्हणजे १२. वीस मोजायला कासव पोत्यात घालून महिना-महिना फिरवतात, ते उपाशी राहतं, पोट घासून सोलवटतं आणि सडतं. गुप्तधन सापडत नाही. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे.

आणि वन्यजीव कायदा? तारा कासव आणि आपल्या खाचरांतलं हे कासव, दोन्ही आता पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अशी कासवं घरी ठेवणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, आणि पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे. आंतरराष्ट्रीय व्यापारातही तारा कासवाला २०१९ पासून सर्वोच्च संरक्षण आहे. सल्काटासारख्या काही परदेशी जातींची नोंद २०२४च्या नियमांनुसार केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. कुणाकडे तारा कासव आधीपासून असेल आणि त्याची पाठ बिघडलेली असेल, तर त्याला रात्री गुपचूप कुर्झे धरणात सोडून मोकळं होऊ नका. ते जमिनीवरचं, ते बुडेल. वनविभागाला कळवा. लालकान्यालाही तळ्यात सोडायचं नाही. तो इथला नाही, तो टिकाव धरतो आणि स्थानिक कासवांचं ऊन खायचं ठिकाण आणि खाणं बळकावतो.

चार इंचांचा नियम

अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कारण लहान मुलं ती तोंडात घालत आणि साल्मोनेला या जीवाणूनं आजारी पडत. साल्मोनेला निरोगी दिसणाऱ्या कासवातही असतो. म्हणून कासव हाताळल्यावर, टाकी धुतल्यावर साबणानं हात धुवा, आणि ते पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतू नका. नवं कासव आणलं तर तीन महिने वेगळं ठेवा. त्याचा ब्रशही वेगळा.

वाळूवर कासव दिसलं तर

ऑलिव्ह रिडलेचं कवच साधारण ६० ते ७० सेंटिमीटर लांब असतं आणि वजन ३५ ते ५० किलो. दोघांशिवाय उचलू नका, आणि उचलताना पुढच्या पायांना धरून ओढू नका, कवचाच्या कडेला धरा. जखमी, सुस्त कासव परत लाटेत ढकलणं ही मदत नव्हे. त्याला डोकं वर धरता येत नसेल तर ते बुडून मरतं. समुद्री कासवही फुफ्फुसानंच श्वास घेतं, म्हणून टबभर पाण्यातही ठेवायचं नाही. सावलीत, ओल्या गोणपाटावर ठेवा. पाठीवर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. कुत्री आणि सेल्फीवाले दोन्ही लांब. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. जाळ्याचा दोर पायात खोल रुतला असेल तर तो ओढून काढू नका, दोराची मोकळी टोकं कापा आणि रुतलेला भाग डॉक्टरांवर सोडा.

मच्छीमार बंधूंसाठी एक गोष्ट, जी अजून प्रत्येक बंदरावर पोचायला हवी. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवण्यासाठी जाळं कापावं लागलं, तर राज्य सरकार २०१८च्या अखेरीपासून कमाल २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देतं. त्यासाठी कासव जाळ्यात असतानाचा आणि सोडतानाचा फोटो किंवा व्हिडिओ काढून ठेवा. आधी मोबाइल खिशातून काढायचा, मग सुरी.